दोन लक्ष्मीबाई, एक मत

आमच्या गावातलं छत्री आणि कंदिलाचं वैर ज्या उन्हाळ्यात आमच्या घराच्या भिंतीपर्यंत येऊन पोचलं, त्या उन्हाळ्यात मी एक लबाडी केली. पुढे मी मास्तरीण झाले, नोकरीत कितीतरी निवडणुकांना ड्यूटी केली, हजारो बोटांना शाई लावली, आणि मतदारांची यादी हातात आली की दरवेळी आधी ती लबाडी आठवली. वर्गात एखाद्या पोराला खोटं बोलल्याबद्दल उभं करायची, तेव्हाही आठवायची. माझ्या मुलांना मी एवढंच सांगितलंय, की माझ्या हातून एकदा यादीत चूक झाली आणि त्यापायी तुमच्या आजीचं मत गेलं. चूक नव्हती ती. आता ऐंशीच्या घरात आल्यावर कुणाची भीडभाड ठेवायची, म्हणून इथे नीट लिहून ठेवते.

आमचं गाव देऊळघाटाच्या पुढं कोस-दीड कोसावर. घरं धाब्याची, मातीच्या छताची, उन्हाळ्यातही आत गारवा. बाबा मळ्यात वांगी, मिरची, सांबार करायचे आणि बैलगाडीनं बुलढाण्याच्या बाजारात न्यायचे. सांबार म्हणजे कोथिंबीर. माझी सून पुण्याची. मी भाजीवाल्याला 'सांबार दे' म्हटलं की तिला अजून हसू येतं, येऊ दे. बाजाराच्या आदल्या दिवशी सगळं घर मिरच्या निवडायला बसायचं आणि संध्याकाळपर्यंत घरातली लहानमोठी सगळी शिंकत असायची. भिंतीच्या पलीकडूनही शिंका ऐकू यायच्या, कारण पलीकडे काका-काकू राहायचे आणि त्यांच्याकडेही मिरचीच असायची.

मूळचं घर एकच. बाबा आणि काका चुलतभाऊ. वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातली, पण सरकारी कागदांत घराचा नंबर एकच राहिला. दोघा भावांचं नावही एकच. त्यांचे आजोबा वारल्यावर दोन्ही सुनांना वर्षभराच्या अंतरानं मुलगे झाले, आणि आजोबांचं नाव आपल्याच मुलाला पाहिजे म्हणून दोघींनी हट्ट धरला. कुणीच मागं हटलं नाही, म्हणून दोघंही नारायण. गावानं आपली सोय करून घेतली: बाबा उंच म्हणून ते लांबे नारायण, काकांना चष्मा म्हणून ते चष्मेवाले नारायण. पुढं लग्नं झाली. लग्नात ताटातल्या तांदळावर नवरीचं नवं नाव लिहायची आमच्याकडे रीत, आणि नवरा नारायण असला की दुसरं कुठलं नाव कुणाला सुचतच नाही. तांदळात लक्ष्मी लिहायचं, मोकळं व्हायचं. अशा एकाच नंबराच्या घरात दोन लक्ष्मीबाई नारायण इंगळे नांदायला आल्या. या नावानं त्यांना कुणीही हाक मारत नव्हतं. माझी माय म्हणजे 'इंदूची माय' आणि काकू म्हणजे 'भास्करची माय'. नाव फक्त ताटात लिहिलं गेलं, ते तिथंच राहिलं.

माझी वेणी काकू घालायची, कारण मायचा हात जड. भिंतीत एक हातभर झरोका ठेवलेला होता, त्यातून भाजीच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या, विस्तव जायचा, आणि भांडण झालंच तर तेही जायचं. काकूचं तोंड सदा चालू. ती वेणी घालताना अख्ख्या गावाची हजेरी घ्यायची आणि मी हसले की केस ओढून म्हणायची, "हालू नको वं, भांग वाकडा होऊन राह्यला."

छत्री आणि कंदील ही आधीच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतली चिन्हं. निवडणूक झाली, चिन्हं गेली, नावं मात्र गावाला चिकटली. आता वाचणाऱ्याला गंमत वाटेल, पण छत्रीवाल्यांच्या घरात कंदील पेटत नव्हता. आमच्याकडे चांगला काचेचा कंदील होता, तो बाबांनी माळ्यावर टाकला आणि गोठ्यात चिमणी घेऊन जायला लागले. चिमणी वाऱ्यानं विझायची, मग अंधारात बाबांचा पाय खुंट्याला लागायचा आणि ते खुंट्याला शिव्या द्यायचे. तिकडे कंदीलवाले भर उन्हात डोक्यावर पंचा टाकून चालायचे, पण छत्री उघडायचे नाहीत. काकांकडे मुंबईहून आणलेली काळी छत्री होती. ती त्यांनी उंदरांना दिली म्हटलं तरी चालेल. भांडणाचं मूळ काय, तर सरकारकडून एक नवी विहीर मिळणार होती आणि ती वरच्या आळीत व्हावी की खालच्या, एवढंच. पण तोवर विहीर मागं राहिली होती. न्हावीसुद्धा दोन झाले होते.

त्या वर्षापर्यंत हे वैर आमच्या भिंतीत शिरलं नव्हतं. बाबा छत्रीचे, काका कंदिलाचे, पण दोघं एकमेकांना टोमणे मारून चहा पीत. त्या वर्षी दोन्ही बाजूंनी चिन्हं पुन्हा तीच मागून घेतली. छत्रीनं बाबांनाच उभं केलं, आणि त्यांच्यासमोर कंदिलाकडून उभे राहिले दगडूजी, म्हणजे काकूच्या सख्ख्या बहिणीचे यजमान. आता काका कुठं जाणार? बाबांना वाटलं, भाऊ म्हणून आपल्याकडे येईल. काकांना वाटलं, भाऊ म्हणून हा समजून घेईल. दोघांनीही विचारलं नाही, दोघांनीही सांगितलं नाही, आणि एके दिवशी काकांनी झरोक्यात वीट बसवली.

मायचं मात्र निराळंच चाललं होतं. आधीच्या निवडणुकीत ती बाळंतिणीच्या खोलीत होती, म्हणून तिचं मत राहिलं होतं. हे तिचं पहिलं मत. विहीर कुठं होते याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. दोन्हीकडून पाणी तिलाच आणायचं होतं. पण त्या पडद्यामागं आपण एकट्या जाणार, हातात शिक्का धरणार आणि मागं कुणी उभं राहून सांगणार नाही, याचं तिला भारी अप्रूप. मी पाटीवर छत्री आणि कंदील काढून द्यायची आणि ती बोटाला कुंकू लावून शिक्का मारायचा सराव करायची. कधी छत्रीवर मारायची, कधी कंदिलावर. "अवं, छत्रीवर मार ना," मी म्हणायची. "शिकून राह्यली ना मी," ती म्हणायची, "दोन्हीवर मारता आलं पायजे."

मतदारांची नवी यादी करायचं काम शाळेच्या गुरुजींवर आलं होतं. घरोघर जायचं, नावं लिहायची. पण बाया परक्या पुरुषासमोर बोलेनात, आणि बोलल्या तर नवऱ्याचं नाव घेईनात. मी फायनल पास झालेली, म्हणजे सातवीची परीक्षा. अक्षर बरं होतं. गुरुजींनी मला सोबत घेतलं. मी उंबऱ्यात जाऊन विचारायची, गुरुजी अंगणात बाजेवर बसून लिहायचे. वय विचारलं की बाया हसायच्या. "असन तीस-चाळीस," एक म्हणाली, "माह्या सासऱ्याले माहीत होतं, ते वारले." शेवटी कंटाळून गुरुजींनी सगळ्या लेकुरवाळ्या बायांचं वय पस्तीस लावलं. आमच्या घरी आलो तेव्हा मी मायचं नाव सांगितलं, मग भिंतीला वळसा घालून काकूचं सांगितलं. गुरुजींनी एकाखाली एक दोन ओळी लिहिल्या. लक्ष्मीबाई नारायण इंगळे, पस्तीस. लक्ष्मीबाई नारायण इंगळे, पस्तीस. काका आणि बाबा यांच्या वडिलांची नावं निराळी, म्हणून त्यांच्या ओळी निराळ्या झाल्या. बायकांच्या नावात सासऱ्याला जागाच नव्हती.

मग कुरोड्यांचे दिवस आले. पुण्या-मुंबईकडे कुरडई म्हणतात. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा. घरभर आंबूस वास पसरतो. मला तो अजून आवडतो. खरं काम असतं चीक शिजवायचं. मोठ्या गंजात पाणी खळखळलं की एकीनं चीक ओतायचा आणि दुसरीनं लाकडी चाटूनं घोटायचा. दोन्ही कामं एकाच वेळी, आणि हात थांबला की गुठळी झालीच. म्हणून आळीतल्या बायांची सावड असायची, आज हिच्या घरी, उद्या तिच्या. आमच्या घरी ओतायला माय आणि घोटायला काकू, हे मी जन्मल्यापासून पाहत आले. काकूसारखं घोटणारी बाई गावात नव्हती. आम्ही पोरं वाट्या घेऊन बसायचो, कारण गरम चिकावर तूप आणि साखर हे वर्षातून एकदाच मिळायचं.

त्या दिवशी काकू आली नाही. पाणी उकळायला लागलं तरी नाही. माय दाराकडे पाहत राहिली. कंदिलाच्या बाकीच्या बायाही आल्या नाहीत आणि छत्रीच्या होत्या त्या आपापल्या घरच्या कामात. शेवटी मायनं चाटू माझ्या हातात दिला. माझ्या दंडात कसला जोर! तिनं ओतलं, मी घोटलं, निम्मा चीक गंजाला लागला आणि निम्म्याच्या गुठळ्या झाल्या. चार पायल्या गव्हाचं वाटोळं झालं. माय चुलीपुढं बसून पदरानं डोळे पुसत राहिली. धूर लागला म्हणाली. मी मोठी होते, धूर कशाचा ते मला कळत होतं. मला काकूचा असा राग आला, की त्या दिवसापासून मी माझी वेणी माझीच घालायला लागले आणि ती रोज वाकडी व्हायची.

त्याच आठवड्यात गुरुजींनी कच्ची यादी माझ्याकडे दिली. "इंदू, सुवाच्य अक्षरात उतरवून काढ. दोनदा आलेली नावं दिसतील ती गाळ." मी पडवीत बसून लिहायला लागले. पलीकडे बाबा उंबऱ्यावर तुरीचे आणि हरभऱ्याचे दाणे मांडून मतं मोजत होते, छत्रीला तूर, कंदिलाला हरभरा. रोज मोजायचे, आणि रोज एखाददुसरा दाणा इकडचा तिकडे व्हायचा. मी लिहीत लिहीत आमच्या घराच्या नंबराशी आले. दोन सारख्या ओळी. पहिली मायची, दुसरी काकूची. मला पक्कं ठाऊक होतं. दोनदा आलेलं नाव नव्हतं ते, दोन बाया होत्या, एक माझी आई आणि एक माझी वेणी घालणारी. मी दुसऱ्या ओळीवर रेघ मारली आणि पुढचं नाव लिहिलं. एक हरभरा कमी झाला असं मनात म्हटलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, चांगलंच बरं वाटलं.

यादी चावडीच्या भिंतीवर लागली. हरकत असेल तर सांगा म्हणून दवंडी झाली. बाबा गेले, बोट फिरवत आले, लक्ष्मीबाई नारायण इंगळे वाचलं आणि मान डोलावून परतले. घटकाभरानं काका गेले. चष्मा पुसला, बोट फिरवलं, लक्ष्मीबाई नारायण इंगळे वाचलं, मान डोलावली. मी चावडीच्या ओट्याशी उभी राहून हे पाहिलं. मला वाटलं होतं काका बोंब मारतील, गुरुजी चूक म्हणून ओळ परत घालतील आणि प्रकरण मिटेल. पण कागदावर उरलेली ती एक ओळ दोघींचीही झाली होती आणि हे माझ्याशिवाय कुणालाच कळलं नव्हतं. मी गुरुजींच्या घरापर्यंत दोनदा जाऊन परत आले. काय सांगणार होते मी?

मतदान शाळेत होतं. कंदीलवाल्यांनी आपल्या बाया सकाळीच बैलांच्या दमणीतून नेल्या, त्यात काकूही होती. मायनं सावकाश सगळं आवरलं. भाकरी टाकल्या, धाकट्याला न्हाऊ घातलं, आणि पेटीतलं हिरवं लुगडं काढलं. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत घेतलेलं ते लुगडं ती लग्नकार्यातच नेसायची. मी म्हटलं, "माय, ऊन लय हाय, नको जाऊ." ती माझ्याकडे पाहतच राहिली. "काऊन वं? बरं नाई काय तुले?" मी तिच्या मागून चालायला लागले.

आत एक साहेब बसले होते, बुलढाण्याहून आलेले, घामानं भिजलेले. शेजारी नावं शोधून द्यायला आमचे गुरुजी. त्यांनी नंबर सांगितला, साहेबांनी यादीत पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं मत सकाळीच झालंय. ही पाहा खूण."

"माह्यं?" माय म्हणाली. "मी तं आत्ता भाकरी टाकून आली." तिनं पदराखालून बोट काढून पुढं धरलं. "पाहा ना, शाई कुठं हाय?"

खोलीत बसलेला बाबांचा माणूस उठून ओरडायला लागला, "बोगस! बोगस मत टाकलं!" कंदिलाचा माणूस त्याच्यावर धावला. बाहेरचे लोक दारात दाटले. शाळेच्या दारावरचा पोलीस काठी आपटायला लागला. बाबा आले, दगडूजी आले, आणि लिंबाच्या सावलीत बसलेल्या काकूला कुणीतरी दंडाला धरून आत आणलं. तिच्या बोटावर शाई होती. तिनं तो हात पदरात दडवला आणि ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, या नावावर तुम्ही मत दिलं?" साहेबांनी विचारलं.

"माह्याच नावावर देल्लं साहेब," काकू म्हणाली. तिचा आवाज, गावाची हजेरी घेणारा तो आवाज, जेमतेम ऐकू येत होता. "लक्ष्मी माह्यं नाव. मालकाचं नाव मले घ्यायले लावू नका. चष्मेवाले हायेत ते."

साहेबांनी यादी पुन्हा पाहिली. "इथे एकच लक्ष्मीबाई आहे. दोघींतली एक खरी. दुसरीनं मत दिलं असेल तर तो गुन्हा होतो." मग मायकडे वळून म्हणाले, "तुम्ही तक्रारीवर अंगठा द्या. मला पोलिसाकडे द्यावं लागेल." आता असं झालं तर दुसरीला वेगळी मतपत्रिका देऊन ती पाकिटात बंद करतात, हे मी पुढे ड्यूटीवर शिकले. त्या साहेबांना ते त्या गोंधळात सुचलं नाही.

गुरुजींनी यादीतली ती ओळ पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. अक्षर माझं होतं. मी खाली फरशीकडे पाहायला लागले. "माझ्या नजरेतून सुटलं असेल साहेब," गुरुजी हळूच म्हणाले. साठीला आलेला माणूस, त्या परक्या साहेबासमोर मान खाली घालून उभा राहिला, आणि मी सोळा वर्षांची धडधाकट पोर, तोंड उघडलं नाही.

बाबा मायच्या कानाशी आले. "लाव अंगठा. ते मत रद्द होते, अन् कंदीलवाल्यायचं नाक कापल्या जाते."

माय काकूकडे पाहत होती. दोघी दोन महिने बोललेल्या नव्हत्या. मग माय साहेबांना म्हणाली, "यादीतली लक्ष्मी हेच हाय, साहेब."

"आणि तुम्ही कोण?"

"मी बी लक्ष्मीच. पण यादीत एकच हाय म्हनता ना तुमी? मंग ते हे असन."

दारातले लोक हसले. बाबा हसले नाहीत. "अवं, काय बोलून राह्यली तू? तुह्यं मत चाललं ना!"

"चाललं तं चाललं," माय म्हणाली. "तिनं काय चोरी केली? अंगठा लावला तं ते तिले बुलढान्याले नेतीन. मी नाई लावत." एवढं बोलून ती वळली. तिचा आवाज शेवटी फाटला होता. ती काही साध्वी नव्हती. ते मत तिला हवं होतं, खूप हवं होतं, आणि रस्ताभर ती नुसतं बोटाकडे पाहत चालली. काकू तिच्या मागून दहा पावलांवर येत होती.

बाबा तीन मतांनी पडले. म्हणजे मायचं मत पडतं आणि काकूचं न पडतं, तरी पडलेच असते. त्यांचे दाणे चुकले होते. छत्रीच्या घरांतल्या कुणीतरी पडद्यामागे जाऊन कंदिलावर शिक्का मारला होता, आणि कुणी ते शोधण्यात त्यांचे पुढचे कितीतरी दिवस गेले. मला त्यांची दया यायची आणि माझा स्वतःचा राग यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी माय ते हिरवं लुगडं घडी करून पेटीत ठेवत होती, तेव्हा मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. राग आला म्हणून सांगितलं, रेघ मारली म्हणून सांगितलं, बरं वाटलं तेसुद्धा सांगितलं.

तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. ती लुगड्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुले वाटलं तू तिचं नाव खोडलं. अवं, माह्यं खोडलं तू." आणि उठली. "चाल." मला हाताला धरून भिंतीला वळसा घालून ती दोन महिन्यांनी काकूच्या दारात उभी राहिली.

काकू तूर निवडत होती. मी मान खाली घालून पुन्हा सगळं सांगितलं. तिचे हात चालूच होते, सूप हलत होतं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "तुले एवढा राग आल्ता माह्या, पोरी?" मी रडायला लागले. ती म्हणाली, "त्या दिसी मी येनार होती. यायनं दारात आडवी बाज टाकली अन् तिच्यावर झोपून राह्यले. वलांडून येऊ काय नवऱ्याले?" मायला हसू आलं, आणि ते आवरायला तिनं तोंडाला पदर लावला. काकू हसली नाही. ती विचारात पडली होती. "मंग म्या देल्लं ते मत कोनाचं होतं वं? तुह्यं का माह्यं?" आजही कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

पुढची यादी व्हायच्या वेळी दोघी आपल्या आपण गुरुजींकडे गेल्या. मी सोबत होते. गुरुजींनी मला एका शब्दानं विचारलं नाही, यादी लिहायला मात्र पुन्हा माझ्याकडेच दिली. तेवढी शिक्षा मला पुरली. ते म्हणाले, "दोन सारख्या ओळी वर गेल्या की वरचे लोक एक कापणार. दोघींपैकी एकीला दुसरं नाव लावावं लागेल." आता आली पंचाईत. सासरचं नाव सोडायचं म्हणजे नवऱ्याला विचारायला पाहिजे. म्हणून दोन्ही नारायणांना बोलावणं गेलं, आणि निवडणुकीनंतर पहिल्यांदा दोघं एका सतरंजीवर बसले, तोंडं दोन दिशांना करून. गुरुजींनी अडचण सांगितली. मग काकांनी चष्मा काढला आणि पुसत पुसत म्हणाले, "लांब्या, आपल्या माय-बापायनं आपलं नाव एक ठेवून मोठा घोळ केला बे." बाबा तोंड वळवून बसलेले, पण त्यांचे खांदे हलायला लागले. हसू आवरलं नाही की बाबांचे खांदे हलायचे.

गाव काही त्यानं एक झालं नाही. छत्री आणि कंदील पुढेही भांडले, चिन्हं बदलली तेव्हा नव्या नावांनी भांडले, आता तर नातवंडांच्या मोबाइलवर भांडतात. पण त्या दिवसापासून काका आणि बाबा मतं मागायला वेगवेगळे गेले तरी चहा एकत्र प्यायले, आणि कुणाच्याही बायकोला 'कुणाला दिलं' म्हणून विचारायचं नाही, हे आमच्या दोन घरांत ठरून गेलं. बाबांनी मात्र हा ठराव फार काळ पाळला नाही, ते पुढे येईलच.

तर त्या दिवशी गुरुजींकडे नावाचं अजून ठरायचंच होतं. "माह्यं बदला गुरुजी," माय म्हणाली. "माहेरचं लिहा."

"काय नाव माहेरचं?"

गुरुजींनी विचारलं आणि माझ्या लक्षात आलं की ते मला ठाऊक नाही. मामा तिला 'बाई' म्हणायचे, आजी 'पोरी' म्हणायची. सोळा-सतरा वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं आणि अख्ख्या गावाच्या बायांची नावं घरोघर जाऊन लिहिली, आणि माझ्या आईचं नाव मला माहीत नव्हतं. लेखणी हातात धरून मी तिच्याकडे पाहत राहिले.

"यमुना," ती म्हणाली. लाजली. काकूनं आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं. तिलाही ते पहिल्यांदाच कळत होतं. मी लिहिलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या सावकाश दुसरं काही लिहिलेलं नाही.

त्यानंतरच्या मतदानाला आम्ही तिघी एकत्र गेलो. मला अजून मत नव्हतं, मी नुसती सोबत. दारापाशी साहेबांनी हाक दिली, "यमुनाबाई नारायण इंगळे!" कुणी पुढं होईना. साहेबांनी पुन्हा हाक दिली. माय रांगेत इकडेतिकडे पाहत होती, कोण बाई आहे म्हणून.

काकूनं तिला मागून ढोसलं. "जाय ना वं! तूच हायेस ते!"

माय दचकली. मग तोंडाला पदर लावून हसत पुढं गेली, बोट पुढं केलं, शाई लावून घेतली आणि पडद्यामागं दिसेनाशी झाली. बराच वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा बाबा शाळेच्या फाटकाशीच उभे होते. त्यांनी हळूच विचारलं. त्या दिवशी विचारलं, महिन्याभरानं विचारलं, आणि म्हातारपणी खाटेवर पडून असतानाही एकदा विचारलं, की आता तरी सांग, कुणाला दिलं होतंस. तिनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला, आणि सांगितलं नाही.